भोपळ्याची गाठ

चैत्र लागला की आमच्या गच्चीवरचे भोपळे वाजायला लागतात. कार्तिकात वेलावरून उतरवून तारेला टांगलेले हे कडू भोपळे चार महिने ऊन खातात, हलके होतात, आणि दुपारच्या गरम वाऱ्यात डोलले की आतल्या बिया खुळखुळतात. खायच्या कामाचे नव्हेत ते. पाठीला बांधून पोहायला शिकायचे. पुणतांब्यात ज्यांचं वय आज पंचविशीच्या पुढे आहे, त्यातल्या निम्म्या बाप्यांच्या पाठीला कधी ना कधी माझा भोपळा लागलेला आहे. निवृत्त होईपर्यंत नोकरी पाटबंधारे खात्यातली, कालवा निरीक्षकाची. वर्षभर लोकांच्या शेतात पाणी सोडायचं आणि उन्हाळ्यात लोकांची पोरं पाण्यात सोडायची, असा माझा दुहेरी कारभार. लोक मला अप्पा म्हणतात. पाण्यातला माणूस म्हणतात. मलाही ते ऐकायला आवडायचं, खोटं कशाला बोलू.

यंदा मात्र तो खुळखुळाट नकोसा झाला होता. कारण हनुमान जयंतीला माझा सत्कार ठरला होता.

त्याला निमित्त झाला एक फोटो. माझी लेक शीतल चेन्नईला नोकरी करते. रविवारी सकाळी समुद्रावर जाऊन ती फळीवर उभी राहते आणि लाटेवरून घसरत किनाऱ्याला येते. त्याला सर्फिंग म्हणतात, हे आता आमच्या पारावरच्या म्हाताऱ्यांनाही पाठ झालंय. माघात तिनं तिचा तसला एक फोटो मंदाला, म्हणजे माझ्या बायकोला पाठवला. मंदानं तो बहिणीला पाठवला, आणि तिथून तो गावभर झाला. गुडघे वाकवलेले, हात पसरलेले, मागे पांढरा फेस, आणि चेहऱ्यावर असं हसू, की मी ते घरात फारसं पाहिलेलं नाही. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर, लहानपणी माझ्याकडेच पोहायला शिकलेल्या बाळूनं पाठीवर थाप मारली. "अप्पा, लेक कुनाची हाय ती! गोदावरीचं पानी हाय ते, समुद्राला काय ऐकतंय व्हय!"

मी हसलो. चहा पिऊन घरी आलो. न बोलता हसायचं, ही माझी जुनी खोड आहे, आणि तिनं माझं फार नुकसान केलंय.

माझी पोहणं शिकवायची रीत सांगतो. नदीला आधी हात लावायचा, मग पाय. पाण्याशी भांडायचं नाही, धार आडवी कापायची. पायाला काहीही बांधून पाण्यात उतरायचं नाही, अगदी काळा दोरासुद्धा नाही, कारण झाडाच्या मुळीत पाय अडकून गेलेली माणसं मी काढलेली आहेत. आणि चौथी गोष्ट म्हणजे गाठ. सुती दोरी भिजली की आवळते. पोरगं घाबरलं, भोपळा कुठं अडकला, तर दोरी क्षणात सुटली पाहिजे. पण एरवी, पोरानं कितीही हातपाय झाडले तरी सुटता कामा नये. म्हणून दोन वेढे, त्यात आतून खोचलेला फास आणि बाहेर लोंबणारं एक टोक. टोक ओढलं की सगळं मोकळं. ही गाठ मला माझ्या चुलत्यानं दिली. मी ती पोरांना दाखवत नसे, नुसती मारत असे. कसबी माणसाचा कंजूषपणा म्हणा.

शीतल अकरा वर्षांची होती तो उन्हाळा माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. त्या वर्षी बंधाऱ्यात पाणी भरपूर अडलं होतं. परीक्षा संपल्या आणि सकाळी सातलाच घाटावर पोरांचा कालवा सुरू झाला. भोपळ्यांचं सगळं काम शीतलकडे असायचं. वेल तिनं लावायचा, मांडवावर तिनं चढवायचा, भोपळे तिनं वाळवायचे, चीर गेलीय का ते कानाशी धरून, टिचकी मारून तिनंच सांगायचं. पोहणं शिकवायला निघालो की ती दोन्ही काखांत भोपळे घेऊन माझ्यामागे घाटापर्यंत यायची आणि पायरीवर बसून दोऱ्या उलगडून द्यायची. मी एकेका पोराला बांधायचो. ती बघायची. शेवटचा भोपळा पाण्यात गेला की तिचं काम संपायचं, मग ती घरी जायची. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. तिच्या थोरल्या भावाला मी सहाव्या वर्षीच पाण्यात टाकलं होतं, तेव्हाही ती पायरीवर दोऱ्यांशीच खेळत बसलेली होती.

त्या उन्हाळ्यात ती जेवताना म्हणाली, "अप्पा, मला बी शिकवा ना."

"तुला काय करायचंय?"

"बाळूला शिकवलं, दादाला शिकवलं. मला का न्हाई?"

"पोरी न्हाई पोहत नदीवर. जेव गप."

मंदानं भाकरी थापता थापता माझ्याकडे पाहिलं. तेव्हा मी स्वतःला सांगितलं, की पोरीच्या जिवाची काळजी आहे. आता एवढं वय झाल्यावर स्वतःशी तरी खरं बोलावं. मला ती बुडेल याची भीती नव्हती. पाचशे पोरं शिकवणाऱ्याला एका पोरीचं काय जड होतं? ओल्या कपड्यांत ती घाटाच्या पायऱ्या चढून येईल आणि चार माणसं बघतील, बोलतील, ही भीती होती. माझ्या लेकीपेक्षा मला घाटावरची चार माणसं जवळची होती.

पाच-सहा दिवसांनी, दुपारी, पोरं जेवायला गेली होती. मी विसरलेला पंचा आणायला परत घाटावर गेलो. बाळू आणि आणखी तिघं-चौघं सावलीत चिंचा खात बसली होती. तिथून थोडं खाली, धुणं धुवायच्या दगडांपाशी, पाण्यात कुणीतरी होतं. परकर-पोलक्यातली शीतल. पाठीला भोपळा. तिनं तो स्वतःच बांधला होता. ती पाण्यावर उताणी तरंगत होती. बुडत नव्हती, धडपडत नव्हती, तरंगत होती. मला पाहिल्यावर तिनं पळ काढायला हवा होता, पण तिला वाटलं मी खूश होईन. तिनं हात वर केला आणि ओरडली, "अप्पा, बघा!"

मी कपड्यांसकट पाण्यात शिरलो. दंडाला धरून तिला बाहेर ओढलं आणि पोरांसमोर तिच्या थोबाडीत मारली. पोरं आधी दचकली, मग त्यातलं एक हसलं, मग सगळी हसली. अडकलेली दोरी कापायला माझ्या खिशात छोटा चाकू असे. मी गाठ सोडली नाही. गाठीकडे पाहिलंही नाही. खांद्यावरची दोरी चाकूनं कापली, भोपळा दगडांवर पडला. "गाठ तरी मारता येती का तुला?" मी म्हणालो. "असल्या गाठीनं मेली असतीस आज!"

ती रडली नाही. खाली वाकली, भोपळा उचलला, कापलेली दोरी त्याच्याभोवती गुंडाळली आणि माझ्यापुढे चालत घरी गेली. त्यानंतर तिनं वेल लावला नाही. पुढच्या वर्षी भोपळे मी नगरच्या बाजारातून आणले. चुकीच्या गाठीपायी पोरीला मारलं, जीव वाचवायला मारलं, हे मी मंदाला सांगितलं. ते मी इतक्यांदा सांगितलं, की मलाही पटलं.

परवापरवापर्यंत पटलेलं होतं.

दोन वर्षांपूर्वी, फाल्गुनाच्या सुरुवातीला, मी आणि मंदा चेन्नईला शीतलकडे गेलो होतो. तिथं शहरालगतच एक किनारा आहे. मागे उंच इमारती, कडेला इडलीच्या गाड्या, पहाटे चालायला येणारे लोक, आणि पुढे हळूहळू खोल होत जाणारी वाळू. नवशिक्यांना बरा, असं शीतल म्हणाली. त्या दिवसांत लाट गुडघ्याला येते, फार तर कमरेला. सेल्वम नावाचा कोळ्याचा पोरगा तिथं सर्फिंग शिकवतो. "अप्पा, तुम्ही पण करा की," शीतल म्हणाली. मी कशाला नाही म्हणतोय! पाण्यातला माणूस ना मी! फॉर्म भरताना, पोहता येतं का, कुठे शिकलात, असा रकाना होता. त्यात मी झोकात लिहिलं, 'गोदावरी'.

दहा-बारा तरणी पोरंपोरी आणि मध्ये मी, घट्ट बाह्यांचा निळा सदरा घातलेला सहासष्ट वर्षांचा नवशिका. मंदा वाळूवर माझा चष्मा आणि चपला सांभाळत बसली होती, पदर तोंडाला लावून हसत होती. आधी वाळूतच फळीवर पालथं पडून उठायचा सराव. माझे गुडघे कटकट वाजले, पण उठलो. मग प्रत्येकाच्या घोट्याला एक पट्टा बांधायचा, त्याची दोरी फळीला जोडलेली. माझा पट्टा शीतलनं बांधला. बांधून झाल्यावर दोनदा ओढून पाहिला. मी पोरांना भोपळा बांधल्यावर अगदी तसाच दोनदा ओढून पाहतो.

आणि इथं माझी चाळीस वर्षांची अक्कल आडवी आली. पायाला काही बांधून पाण्यात उतरायचं नाही! कमरेएवढ्या पाण्यात गेलो, कुणी बघत नाहीसं पाहिलं आणि हळूच तो पट्टा सोडून टाकला. पहिली लाट आली. मी फळीवर उठायला गेलो आणि तोंडावर पडलो. फळी माझ्याखालून निसटली आणि लाटेबरोबर सुसाट किनाऱ्याकडे गेली. एका मुलीच्या कानाजवळून गेली, दोन बोटांचं अंतर. मी मात्र फेसात सापडलो. नदीचं पाणी एका दिशेनं जातं, माणसाला त्याचं मन कळतं. हे पाणी पुढे ढकलतं, मागे ओढतं, खालून पाय काढून घेतं. नाकात खारट आग. धार आडवी कापायची म्हणून मी आडवा हात मारायला लागलो, पण धार होतीच कुठे? दुसरी लाट डोक्यावर फुटली आणि मला, पाण्यातल्या माणसाला, कमरेएवढ्या पाण्यात वाटलं की संपलं.

कुणीतरी सदऱ्याची कॉलर धरली. "अप्पा, उभे राहा. पाय टेकतात. उभे राहा." शीतल होती. तिनं मला काखेत धरून किनाऱ्याला आणलं, न घाबरता, न ओरडता. मी तिला पाण्यातून काढलं होतं तसं नाही.

सेल्वम खवळला होता. पट्टा सोडलेली फळी दुसऱ्याचं डोकं फोडते, हे तो मला त्या सगळ्या पोरांसमोर सुनावत होता. मी मान खाली घालून उभा. तेव्हा शीतल मध्ये आली आणि, मला कळावं म्हणून असेल, हिंदीत म्हणाली, "चिल्लाना मत. इन्होंने ही मुझे तैरना सिखाया. पूरे गाँव को सिखाया है."

सेल्वम थांबला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि त्याला हसू आलं. "इन्होंने सिखाया? तो पहले दिन तू डूब क्यों रही थी?"

शीतल समुद्राकडे बघायला लागली. सेल्वमचा राग गेला होता, आता गंमत सांगायच्या भरात तो मोडक्या हिंदीत सांगत सुटला. पहिल्या दिवशी हिनंही फॉर्मवर लिहिलं होतं, पोहता येतं, नदीत, वडिलांनी शिकवलं. त्यानं विश्वास ठेवला. पहिल्याच लाटेला ही पाण्याखाली गेली, श्वास कसा धरायचा तेही माहीत नव्हतं. त्यानं ओढून काढलं. खोटं का लिहिलंस म्हणून झापलं, तेव्हा ही खोकत खोकत म्हणाली होती, की माझ्या वडिलांनी शिकवलं नाही असं आमच्या गावात एक घर नाही, मग त्यांच्याच लेकीला येत नाही असं कसं लिहू? पुढे तीन महिने त्यानं तिला तलावात पोहायला शिकवलं, मग लाटेवर घेतलं.

सगळी पोरं हसली. मीही हसलो.

तिथं बोलायला हवं होतं. दोन वाक्यांचं काम होतं, आणि मोडकी का होईना, हिंदी मलाही येते. पण मी तोंड पुसलं आणि हसलो. माझी अब्रू राखायला ही पोर एकदा बुडता बुडता वाचली होती आणि आता दुसऱ्यांदा दहा जणांत खोटी पडली होती, आणि मी हसत होतो. इडली खाताना तिनं माझ्या ताटलीत चटणी वाढली. परतीच्या गाडीत मंदा दौंडपर्यंत माझ्याशी तुटक बोलत होती.

तर, सत्कार. हनुमान जयंतीला सूर्योदयाला जन्म झाला, सुंठवडा वाटला, आणि दहा वाजता देवळापुढच्या मांडवात कार्यक्रम सुरू झाला. बाळू आता मंडळाचा अध्यक्ष आहे. माईकवर तोच होता. "गावाला पाण्यात तरायला शिकवणारे अप्पा," तो म्हणाला, "आनि ज्यांनी आपल्या लेकीला असं तयार केलं, की ती समुद्रावर उभी ऱ्हायली!" टाळ्या. मागच्या फलकावर तोच फोटो मोठा करून लावला होता. ते हसू. 'अप्पा, बघा' म्हणतानाचं होतं ते, मला आत्ता ओळखू आलं.

बाळूनं शाल उलगडली. मी हात आडवा केला आणि माईक मागितला.

"मी तिला शिकवलं न्हाई," मी म्हणालो.

बाळू हसला. "बघा, ह्याला म्हनत्यात मोठेपना!" पुन्हा टाळ्या. माणूस एकदा मोठा ठरला की त्याच्या खऱ्यालाही विनय म्हणतात लोक. मी पुन्हा म्हणालो, "खरंच न्हाई शिकवलं. ती परक्या मुलखात परक्या मानसाकडं शिकली. अकरा वर्षांची हुती, शिकवा म्हनाली, मी न्हाई म्हनलो. तिनं सोताच भोपळा बांधला, तर मी तिला चारचौघांत मारलं. बाळू, तू हुतास तिथं. चिंचा खात हुतास."

बाळूची शाल हातातच राहिली. तो खाली बघत होता. त्याला आठवत होतं. मी तिथंच थांबायला हवं होतं. पण बोलायला लागलेल्या माणसाला थोडी पळवाट लागतेच. मी म्हणालो, "तिची गाठ चुकली हुती. जीव गेला असता पोरीचा. म्हनून हात उचलला."

"असू द्या अप्पा, बापाचं काळीज असतंय," कुणीतरी म्हणालं, आणि सगळ्यांना हायसं वाटलं. शाल अंगावर आली, नारळ हातात आला. एवढं सगळं सांगूनही मी शेवटी काळजीवाहू बापच ठरलो. उन्हात ती शाल अंगाला टोचत होती.

घरी आलो. मंदा मांडवात बायकांमध्ये बसली होती, ती माझ्याआधीच निघून आली होती. मी शाल खुंटीला लावली तेव्हा ती स्टुलावर चढून माळ्यावर हात घालत होती. पितळी घंगाळाच्या मागून तिनं जुन्या लुगड्यात बांधलेलं काहीतरी काढलं, माझ्यापुढे ठेवलं आणि सोडलं. भोपळा होता. काळवंडलेला, एका बाजूनं चेपलेला. त्याला सुती दोरी. दोरी एका जागी चाकूनं कापलेली आणि दुसऱ्या टोकाला गाठ, तशीच्या तशी.

"गाठ चुकली हुती म्हनालात," मंदा म्हणाली. "अठरा वर्सं ऐकत आले. आज गावाला बी सांगितलं. आता बघा एकदा."

मी चष्मा लावला. दोन वेढे. आतून खोचलेला फास. बाहेर लोंबणारं टोक. मी तिला ती कधी दाखवली नव्हती. पायरीवर बसून, दोऱ्या उलगडता उलगडता तिनं ती लांबून उचलली होती. दोरी जुनी होऊन काथ्यासारखी कडक झाली होती, मला वाटलं आता कसली सुटते. मी टोक धरलं आणि ओढलं. गाठ एका ओढीत मोकळी झाली.

मंदा आत निघून गेली. मी ती मोकळी दोरी मांडीवर घेतली. मग फोन लावला. रविवार होता, शीतल किनाऱ्यावरच होती, वाऱ्यात तिचा आवाज तुटत होता. "काय अप्पा, झाला का सत्कार? शाल कोणत्या रंगाची?"

"शीतल," मी म्हणालो, "तुझी गाठ बरोबर होती."

मला वाटलं, तिला कळलं नसेल मी कशाबद्दल बोलतोय.

"मला माहीत होतं, अप्पा," ती म्हणाली.